गाडीत पिस्तूल कसं विसरावं

सर्वप्रथम अभिनंदन. ग्रीन कार्ड आलं, कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरच्या उपनगरात घर झालं, तळघरात टीव्हीची खोली झाली, आणि आता काउंटीच्या शेरीफने कन्सील्ड कॅरीचं, म्हणजे पिस्तूल लपवून बाळगण्याचं, परमिटही हातात ठेवलं. एच-वनवर असताना हे सुख नशिबात नव्हतं. त्या व्हिसावर बंदूक घ्यायची तर बहुतेकांना आधी शिकारीचं लायसन्स काढावं लागतं, आणि सदाशिव पेठेतून आलेल्या माणसाने एल्कच्या मागे बर्फातून धावावं ही अपेक्षा जरा जास्तच होती. आता ती अडचण उरली नाही. आता शर्टाखाली पिस्तूल आहे, आणि सांभाळून राहायचं आहे ते चोरांनी.

परमिटच्या वर्गात तुम्हाला बरंच शिकवलं असेल. पिस्तूल धरायचं कसं, बोट कुठे ठेवायचं, नळी कुणाकडे करायची नाही. पण ते कमरेला लावून सहा तास ऑफिसच्या खुर्चीत बसायचं कसं, हे कुणी शिकवत नाही. पहिल्या दिवशी छाती दोन इंच पुढे येते. तिसऱ्या दिवशी बरगडीखाली टोचायला लागतं. आठवडा संपता संपता ते गाडीच्या दोन सीटांमधल्या कप्प्यात राहायला जातं, जिथे बडीशेपेची पुडी, पार्किंगची चिल्लर आणि मुदत संपलेला इन्शुरन्सचा कागद आधीपासून गुण्यागोविंदाने नांदत असतात. माझं मार्गदर्शन इथून पुढचं.

कोलोरॅडो सरकारची या कप्प्यावर वाईट नजर आहे. २०२४ साली विधिमंडळाने एचबी २४-१३४८ हे विधेयक मंजूर केलं, गव्हर्नर जॅरेड पोलिस यांनी त्यावर सही केली (आडनावच पोलिस, आता बोला), आणि १ जानेवारी २०२५ पासून ते लागू झालं. गाडी सोडून जाताना पिस्तूल आत ठेवायचं तर ते टणक कवचाच्या, कुलूप घातलेल्या पेटीत हवं. पेटी बाहेरून दिसता कामा नये. गाडीही बंद हवी. नाही पाळलं तर दंड, तोही जास्तीत जास्त ५०० डॉलर. तुरुंग नाही, फौजदारी गुन्हा नाही. लायब्ररीचं पुस्तक उशिरा दिल्यावर काउंटरवरची बाई जशी बघते, साधारण तेवढीच जरब.

तरीही हा जुलूम आहे, असं तुम्हाला ठामपणे म्हणता आलं पाहिजे. सराव करा. सहाशे डॉलरचं पिस्तूल घेताना तुमचा हात थरथरला नाही. त्यावर दोनशेची लाल ठिपक्याची दुर्बीण बसवलीत, चामड्याचं होल्स्टर घेतलंत, ते आवडलं नाही म्हणून दुसरं घेतलंत. पण सीटच्या पायाला तारेने बांधायची चाळीस डॉलरची पेटी म्हटली की तुम्हाला राज्यघटना आठवली पाहिजे. पाठोपाठ विचारायचं: ‘आणि नेमका त्याच वेळी चोर आला, आणि मी कुलूप उघडत बसलो, तर?’ कायदा फक्त तुम्ही गाडीत नसतानाच लागू होतो, म्हणजे चोर येईल तेव्हा तुम्ही इंडियन ग्रोसरीत भरताची वांगी निवडत असाल, ही बारीकशी गोष्ट चर्चेत काढू नका. रंगाचा बेरंग होतो.

इतिहासाचाही आधार घ्या. जून २०२२ मध्ये ब्रूएन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे की बंदुकीवरचा निर्बंध टिकायचा असेल तर या देशाच्या जुन्या परंपरेत त्याचा दाखला सापडला पाहिजे. तुमचं काम सोपं झालं. १७९१ साली, बंदूक बाळगण्याचा हक्क देणारी दुसरी घटनादुरुस्ती झाली तेव्हा, टोयोटा नव्हती. घोडेस्वार खोगिराला अडकवलेल्या होल्स्टरमध्ये पिस्तूल ठेवत, आणि त्या खोगिराला कुलूप लावा असा कायदा कुणी केल्याचं ऐकिवात नाही. घोडा अनोळखी माणसाला लाथ मारतो आणि टोयोटा मारत नाही, एवढाच काय तो फरक. समोरचा वाचलेला निघाला तर तो १७८३ चं बॉस्टन काढेल. तिथे भरलेली बंदूक घरात किंवा तबेल्यात नेण्यावर बंदी होती, कारण आग लागली की त्या बंदुका आपोआप उडत आणि विझवायला आलेल्यांच्या जिवावर बेतत असे. दंड दहा पौंड. पण तबेला म्हणजे पार्किंग नव्हे, असं म्हणून तिथून निसटता येतं.

आता मुख्य मुद्दा: चोराला कळणार कसं, की पिस्तूल याच गाडीत आहे? एवढ्या मोठ्या पार्किंगमध्ये तो बिचारा किती काचा फोडणार? त्याची सोय तुम्हीच करायची. मागच्या काचेवर बंदुकीच्या कंपनीचा स्टिकर लावा. शेजारी बंदूकवाल्यांच्या संघटनेचा. आणि त्याच्या खाली तो प्रसिद्ध तोफेचा झेंडा, ‘या आणि घेऊन जा’. १८३५ साली टेक्सासमधल्या गोन्झालेस गावच्या लोकांनी मेक्सिकोचं सैन्य त्यांची छोटी तोफ परत मागायला आलं तेव्हा हे वाक्य फडकवलं होतं. त्या वेळी ते आव्हान होतं, कारण तोफेपाशी माणसं उभी होती. तुमच्या गाडीपाशी कुणी नसल्यामुळे ते आता आमंत्रण झालं आहे, आणि आमंत्रणाला मान देणारी मंडळी या देशात पुष्कळ आहेत. एव्हरीटाउन या संस्थेने एफबीआयकडच्या नोंदी चाळल्या, तेव्हा २०२२ या एका वर्षात ३३७ शहरांतून जवळपास १,१२,००० बंदुका चोरीला गेल्याचं दिसलं, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त गाड्यांमधून. संस्था बंदूक-नियंत्रणवाल्यांची आहे, तेव्हा आकडा कानाआड करायला तुम्हाला निमित्तही आहे. पण नोंदी पोलिसांच्याच आहेत, हे मनात ठेवा आणि मनातच ठेवा.

काही चोर तर काच फोडून कप्पा उचकत बसण्याचा त्रासही घेत नाहीत, अख्खी गाडीच नेतात. दशकभर किया आणि ह्युंदाईच्या कित्येक मॉडेलांमध्ये इमोबिलायझर (खरी किल्ली नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणारी सोय) नव्हता, आणि फोन चार्ज करायच्या केबलच्या टोकाने ती गाडी सुरू होते हे पोरांनी २०२१-२२ मध्ये व्हिडिओ काढून एकमेकांना शिकवलं. म्हणजे गाडीबरोबर पिस्तूल फुकट. आपल्याकडे दिवाळीत मिक्सरबरोबर कढई देतात तसं.

एक गोष्ट इथे सांगावी की नाही, याचा विचार करतो आहे. सांगतोच. जून २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत, सार्वजनिक जमिनी सांभाळणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्यातल्या एका रेंजरची गाडी रस्त्यावर उभी होती. त्याचं सरकारी पिस्तूल गाडीतल्या पाठपिशवीत. काच फुटली, पिशवी गेली. चार दिवसांनी, १ जुलैला, त्याच पिस्तुलातून सुटलेली गोळी पिअर १४ या धक्क्याच्या जमिनीवर आपटून उसळली आणि वडिलांबरोबर फिरायला आलेल्या ३२ वर्षांच्या मुलीच्या पाठीत घुसली. ती त्यांच्याच समोर कोसळली. ज्याच्या हातून गोळी सुटली तो बेकायदा राहणारा स्थलांतरित होता, त्यामुळे पुढची दोन-तीन वर्षं देशभर चर्चा चालली ती सरहद्दीवरच्या भिंतीची. गाडीच्या काचेबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

कॅलिफोर्निया बोललं. २०१६ साली सिनेटर जेरी हिल यांचं एसबी ८६९ हे विधेयक मंजूर झालं आणि नव्या वर्षापासून पोलिसांसह सगळ्यांना नियम एकच झाला: पिस्तूल डिकीत, नाहीतर नजरेआडच्या कुलूपबंद पेटीत. दंड १,००० डॉलरपर्यंत. आणि ग्लव्ह बॉक्स म्हणजे पेटी नव्हे, असंही कायद्यात स्पष्ट लिहून ठेवलं आहे. हे वाक्य कायद्यात लिहावं लागलं, यावरूनच तुम्ही एकटे नाही याची खात्री बाळगा.

व्हर्जिनियात राहायला गेला असतात तर मात्र चैन होती. तिथल्या विधिमंडळाचं २०२४ चं म्हणणं अगदीच माफक होतं. पेटी नको, कुलूप नको, फक्त रिकाम्या गाडीत पिस्तूल बाहेरून दिसेल असं टाकून जाऊ नका, नाहीतर ५०० डॉलरपर्यंत दंड आणि गाडी उचलून नेऊ. म्हणजे निदान वरून टॉवेल टाका. तेव्हाचे गव्हर्नर ग्लेन यंगकिन यांनी त्यावरही नकाराधिकार वापरला. टॉवेलही आपापल्या मर्जीने टाकण्याचा नागरिकाचा हक्क त्या वर्षापुरता तरी वाचला.

टेनेसीचा मार्ग तर आपल्या स्वभावाला जास्त जवळचा. नॅशव्हिलमधल्या शाळेत २०२३ च्या मार्चमध्ये गोळीबार झाला, त्यानंतर ऑगस्टमध्ये खास अधिवेशन भरलं, आणि त्यातून निष्पन्न झालं ते हे की बंदुकीच्या तिजोरीवरचा विक्रीकर माफ. घ्या म्हणून सक्ती नाही, पण घेतलीत तर सूट आहे. सूट म्हटल्यावर मराठी माणूस निदान चौकशी तरी करतो.

तुमच्या बाजूचा एक मुद्दा खराच वजनदार आहे, आणि नेमका तोच तुम्ही कधी नीट मांडत नाही. शाळेत नेऊ नका, कोर्टात नेऊ नका, टपाल कार्यालयात नेऊ नका. मग माणूस ते ठेवणार कुठे? गाडीतच. ‘इथे बंदूक आणू नये’ अशी प्रत्येक पाटी कुठल्या तरी गाडीत एक पिस्तूल सोडते, हे खोटं नाही. टपालाच्या पार्किंगमध्ये तरी गाडीत राहू द्या, म्हणून कोलोरॅडोतलेच एक गृहस्थ केंद्र सरकारविरुद्ध कोर्टात गेले होते. २०१५ साली अपील कोर्टाने नाही म्हटलं: पार्किंगही सरकारचंच. एका पाकिटावर तिकीट चिकटवायचं तर पिस्तूल घरी ठेवून या. हे ऐकून तुम्ही चिडाल तर मी तुम्हाला दोष देणार नाही. फक्त चिडून झाल्यावर ती चाळीस डॉलरची पेटी घ्या, असं कुणी सुचवलं तर विषय बदला.

आता प्रत्यक्ष प्रयोग. सप्टेंबरचा शनिवार. मंडळाचा गणपती, आणि दरवर्षीप्रमाणे हायस्कूलचं सभागृह भाड्याने घेतलेलं. शाळा असल्यामुळे परमिट असलं तरी पिस्तूल आत नेता येत नाही. तुम्ही दुपारी तीनला पार्किंगमध्ये पोचता. श्रीखंडाचं पातेलं आधी आत न्या, उन्हाने आंबेल. तबला-डग्गा गाडीत ठेवायचा नाही, डेन्व्हरच्या कोरड्या हवेत पुडी चढते आणि मग तबलजी सगळ्या आरत्यांभर तुमच्याकडे बघत बसतो. लॅपटॉप आत, नाटकाचं पार्श्वसंगीत त्यात आहे. सौ.ची पैठणी आत, पोरीची नथ आत. मोदकांचे तीन डबे, मोजून, आत. चौथ्या फेरीला धाप लागेल, पण एवढं सगळं सुखरूप पोचल्याचं समाधान वाटेल. गाडीत आता काहीच मौल्यवान उरलेलं नाही. कप्पा बंद करा, रिमोट दाबा, आणि अथर्वशीर्षाला जा.

आरती, जेवण, दोन अंकी नाटक, आभारप्रदर्शन. आभार मानणारे काका लवकर आटपत नाहीत, ते चोरालाही माहीत असावं. अकरा वाजता बाहेर याल तेव्हा उजवीकडची काच सीटवर साखरेसारखी पसरलेली असेल. बडीशेप जागेवर, चिल्लर जागेवर. बायको विचारेल, ‘काय गेलं हो?’ आणि तुम्ही म्हणाल, ‘काही नाही गं, किरकोळ.’ असं म्हणून गप्प बसायचा मोहही होईल. पण या राज्यात चोरी लक्षात आल्यापासून पाच दिवसांत कळवावं लागतं. न कळवल्यास पहिल्या खेपेला २५ डॉलर दंड, म्हणजे मंडळाच्या जेवणाच्या दोन कुपनांइतका, तेव्हा तोही विचार करून पाहा.

समजा तुम्ही सज्जनपणे फोन लावलात. तरुण अधिकारी येईल, अदबीने बोलेल, वही काढेल. मेक काय, मॉडेल काय, तुम्ही घडाघडा सांगाल. लाल ठिपक्याच्या दुर्बिणीचं मॉडेलसुद्धा सांगाल. मग तो विचारेल, सीरियल नंबर? तो राष्ट्रीय नोंदीत घातला की देशात कुठेही हे पिस्तूल सापडलं तरी ते तुमचं म्हणून कळेल. नंबर तोंडपाठ नसेल, कुणाचाच नसतो. पण तुम्ही व्यवस्थित माणूस. दुकानातून आणलं त्याच दिवशी पावती नीट घडी करून ठेवली होतीत, हरवू नये म्हणून मुद्दाम पिस्तुलाच्याच होल्स्टरमध्ये.