सहावा नग

फणस हे घरगुती सामान आहे की खाद्यपदार्थ, या प्रश्नावर मी रत्नागिरीतल्या एका इमारतीच्या पार्किंगमध्ये, भर मे महिन्यातल्या दुपारी, डोक्यावर पत्रा आणि अंगाला चिकटलेला सदरा अशा अवस्थेत बराच वेळ वाद घातला आणि हरलो. त्या पराभवाची हजार रुपयांची पावती अजून माझ्या पाकिटात आहे. ती फेकून द्यावी असे आमच्या सौभाग्यवतीचे मत आहे, पण तिने ते हजार रुपये भरलेले नाहीत.

आम्ही पुण्याहून आंबा घाटाने उतरलो ते माझ्या वसतिगृहातल्या जुन्या मित्राच्या आग्रहामुळे. त्याचे घर भाट्याच्या पुलापलीकडे आहे आणि मोठे आहे, पण मे महिन्यात तिथे लेकी, जावई, सुना, नातवंडे आणि नातवंडांचे मित्र उतरतात, त्यामुळे सकाळी न्हाणीघरासमोर रेशनच्या दुकानासारखी रांग लागते. म्हणून त्याने मांडवीजवळचा आपल्या मुंबईकर चुलतभावाचा बंद फ्लॅट आमच्यासाठी महिनाभर उघडून घेतला. पहिले जेवण अर्थात त्याच्याकडेच झाले. तळलेले बांगडे आणि सोलकढी यांच्यामुळे डोळे मिटायला लागले असताना वहिनींनी गाडीत हापूसची एक पेटी आणि एक फणस ठेवला. तो फणस गाडीत ठेवायला दोन जावई लागले, हे मी तेव्हाच ध्यानात घ्यायला हवे होते.

इमारतीपाशी गाडी थांबते न थांबते तोच हाफ पँट आणि बनियन घातलेले, काखेत लांबडी वही धरलेले एक गृहस्थ लिफ्टच्या दारात येऊन उभे राहिले. ते सोसायटीचे सेक्रेटरी होते. त्यांनी नमस्कार केला, पुण्यात पाऊस झाला का असे विचारले आणि उत्तराची वाट न पाहता गाडीतून निघणाऱ्या वस्तू बोटाने मोजायला सुरुवात केली. दोन बॅगा, एक वळकटी, एक टेबलफॅन आणि कुकर-भांड्यांची एक पिशवी. "पाच," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर थोडी निराशा दिसली. मग फणस बाहेर आला.

"सहा," ते म्हणाले, आणि त्यांनी वही उघडली.

पाच नगांपर्यंत माणूस पाहुणा असतो आणि सहाव्या नगापासून तो बिऱ्हाड हलवणारा ठरतो, असा त्या सोसायटीचा ठराव असल्याचे त्यांनी मला शांतपणे समजावून सांगितले; बिऱ्हाडाला शिफ्टिंगचे हजार रुपये पडतात. मी म्हणालो, "अहो, हा फणस आहे." ते म्हणाले, "मला दिसतोय." मी म्हणालो की हे सामान नव्हे, खायची वस्तू आहे. त्यांनी वहीतला ठराव काढला, त्यावर बोट ठेवले आणि विचारले, "नियमात घरगुती सामान असं लिहिलंय. तुम्ही तो घरी नेताय ना?"

"हो."

"मग घरगुतीच झाला."

मग आंब्याची पेटी का मोजली नाही, असे मी विचारले, कारण तर्काला तर्कानेच धरावे अशी माझी समजूत होती. त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मला माझ्या पुणेरीपणाची लाज वाटावी. "आंब्याला रत्नागिरीत सामान कोण म्हणतो, साहेब?" त्यांनी विचारले. आमच्या सौभाग्यवतीने मधला मार्ग काढला: फणस इथेच फोडू आणि गरे डब्यात भरून वर नेऊ. त्याला दोन हरकती निघाल्या. पहिली, पार्किंगमध्ये फणस फोडायला बंदी आहे, कारण मागच्या वर्षीचा चीक अजून फरशीवरून निघालेला नाही. दुसरी, गरे डब्यांत भरले तर जितके डबे तितके नग धरायचे किंवा कसे, हे कमिटीसमोर ठेवावे लागेल, आणि कमिटीचे अध्यक्ष गणपतीशिवाय मुंबईहून येत नाहीत. एवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून एका आजींनी फणस कापा आहे की बरका असे विचारले. बरका, असे कळताच त्यांनी निकाल दिला की बरका असेल तर लिफ्टमध्ये नेऊच देऊ नका, आत फुटला तर दिवाळीपर्यंत वास जाणार नाही. सेक्रेटरींनी तीही हरकत वहीत टिपून घेतली.

आता मी आयुष्यभर हिशेबाच्या खात्यात काढलेला माणूस आहे आणि गृहनिर्माण संस्थांचे उपविधी मला थोडेफार ठाऊक आहेत. मालकाने फ्लॅट दुसऱ्याला राहायला दिला तर लागणारे भोगवटेतर शुल्कसुद्धा सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे राज्य सरकारने 2001 सालीच ठरवून दिलेले आहे, आणि तेही फ्लॅटच्या मालकाने भरायचे असते; फणसाच्या मालकाने काय भरायचे याचा उल्लेख मी तरी कुठे वाचलेला नाही. हे सर्व मी त्यांना सांगितले. त्यांनी ते सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण मालक तर येत नाहीत. जे येतच नाहीत त्यांच्याकडून कसे घेणार? जे येतात त्यांच्याकडूनच घेणार ना?"

हे वाक्य मला त्या क्षणी केवळ उद्धट वाटले आणि खरे सांगायचे तर आजही तसेच वाटते. पण संध्याकाळी खाली उतरल्यावर पाहिले, तर निम्म्याहून अधिक खिडक्या बंद होत्या. मुंबईकरांनी घेऊन ठेवलेले फ्लॅट गणपतीला आणि मे महिन्यात उघडतात, तेही सगळे नाहीत. आणि शीळ धरणाचे पाणी कमी पडायला लागले की टँकरचा, बिघडलेल्या पंपाचा आणि जिन्यातल्या दिव्यांचा खर्च मागे राहिलेल्या चारपाच कुटुंबांच्या माथी बसतो. थकबाकीदार मुंबईत फोन उचलत नाहीत, म्हणून वसुली पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या पाहुण्याकडून होते. समुद्राकाठी दुसरे घर घ्यायचे आणि त्याचा मेंटेनन्स दुसऱ्याच्या फणसावर लादायचा, ही सोय ज्यांनी शोधली त्यांच्यावर माझा राग आहे, पण ते लिफ्टच्या दारात उभे नव्हते. मित्राच्या घरात ओटीवर बसलेल्या माणसाला अजून कोणी नग विचारत नाही. पण त्याच्याच आळीतल्या दोन वाड्यांच्या जागी आता इमारती उभ्या राहात आहेत आणि तिथेही अशीच एखादी वही निघेल.

घराचा ताबा मिळण्याच्या बाबतीत रत्नागिरीचा इतिहास मुळातच फारसा आशादायक नाही. ब्रह्मदेशाचा थिबा राजा 1885 साली इंग्रजांनी पदच्युत केल्यावर इथे आणून ठेवला गेला. टेकडीवरचा त्याचा राजवाडा तयार व्हायला 1910 साल उजाडले, आणि 1916 साली तो वारला. म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळ राजा सरकारने दिलेल्या बंगल्यांत राहिला आणि स्वतःच्या घरात जेमतेम सहा वर्षे. दुसऱ्या दिवशी आम्ही तो राजवाडा पाहायला गेलो, तेव्हा त्याच्याविषयी मला जी आपुलकी वाटली ती इतिहासाच्या पुस्तकाने कधीच वाटू दिली नव्हती.

शेवटी मी हजार रुपये भरले. पावतीवर त्यांनी स्वच्छ अक्षरात "फणस, बरका, 1" असे लिहिले. त्यानंतर आम्ही फणस लिफ्टमध्ये ठेवला आणि वीज गेली. तिसऱ्या मजल्यापर्यंत तो काटेरी ऐवज मी जिन्याने चढवत असताना, सेक्रेटरी माझ्या मागून बॅग घेऊन येत होते. मदतीला माणूस चांगला आहे, हे मान्य करावे लागेल. दुसऱ्या मजल्यावर दम घेत मी विचारले, की लिफ्ट वापरली नाही तर पैसे परत मिळतील का. "पैसे लिफ्टचे नाहीत, साहेब," ते म्हणाले, "शिफ्टिंगचे आहेत. आणि शिफ्टिंग तर चालूच आहे."

जाताना पुन्हा नग मोजले जातील आणि पाचाच्या वर गेले तर तेवढेच पैसे पुन्हा पडतील, हेही त्यांनी मला तिथेच सांगून ठेवले. इकडे वहिनींनी आमच्यासाठी फणसपोळी, आमसुले, कुळथाचे पीठ आणि आणखी एक आंब्याची पेटी बांधायला घेतली आहे. पेटी माफ आहे, बाकीच्यांचे काही सांगता येत नाही. आमच्या सौभाग्यवतीने यावर असा उपाय काढला आहे की शेवटच्या आठवड्यात रोज संध्याकाळी फिरायला जाताना एकेक नग हातात घेऊन निघायचे आणि तो मित्राच्या घरी पोचता करायचा. टेबलफॅन घेऊन मांडवीच्या जेटीवर हवा खायला आलेल्या माणसाकडे लोक कसे पाहतील याची मला काळजी वाटते, पण हजार रुपयांची त्याहून जास्त वाटते.