‘सगळी गाणी अ‍ॅपवर आहेत, कॅसेटी भंगारात द्या’ म्हणे!

आमच्या थोरल्या काकांनी मागच्या आठवड्यात एकशे चाळीसेक कॅसेटी भंगारवाल्याला देऊन टाकल्या. किलोवर. त्यानं आधी कुरकुर केली, पट्टी निघता निघत नाही, नुसतं प्लॅस्टिक असेल तर घेतो म्हणाला. काकूंनी एक फुटका कुकर वर टाकला तेव्हा कुठं त्यानं पोतं उचललं. मला हे कळलं संध्याकाळी, काकांनीच घरच्या ग्रुपवर रिकाम्या कपाटाचा फोटो टाकला तेव्हा. आणि फोटोखाली तो मेसेज, ज्याच्या जिवावर हा सगळा पराक्रम झाला.

तुमच्याकडंही आला असेल. ‘महत्त्वाची माहिती, शेवटपर्यंत वाचा’ अशी सुरुवात. मग म्हणणं असं की जगातलं प्रत्येक गाणं आता अ‍ॅपवर कायमचं मिळतं, त्यामुळं कॅसेट-सीडी जपणं हा अडाणीपणा. अ‍ॅपमध्ये डाउनलोड केलं की गाणं आपल्या मालकीचं. अ‍ॅपमुळेच गाण्यांची दुकानं बंद पडली आणि सीडी-रेकॉर्डचा धंदा शून्यावर आला. आपण गाणं लावलं की गायकाच्या खात्यात थेट पैसे. आणि शेवटी, जाड अक्षरांत, कॅसेटच्या चुंबकीय पट्टीतून निघणाऱ्या लहरी हृदयरोग्यांना घातक असतात, ज्या घरात पेसमेकरचा रुग्ण आहे तिथं कॅसेट ठेवूच नये. खाली जोडलेले हात आणि ‘दहा जणांना पाठवा’.

काकांना पेसमेकर आहे. म्हणून शेवटचा मुद्दा आधी.

कॅसेटची पट्टी म्हणजे प्लॅस्टिकची फीत आणि तिच्यावर बहुतेक वेळा लोखंडाच्या ऑक्साइडचा पातळ थर. त्या थरातलं चुंबकत्व इतकं क्षीण असतं की टेपचं हेड तिला घासून जातं तेव्हा कुठं चिमूटभर सिग्नल मिळतो, आणि तोही पुढं कितीतरी पटींनी वाढवावा लागतो. कपाटात पडलेल्या कॅसेटीतून लहरी-बिहरी काही निघत नाहीत. उलट, जुन्या लोकांना आठवत असेल, कॅसेट स्पीकरला टेकून ठेवू नको म्हणून घरात ओरडा बसायचा. कारण स्पीकरच्या चुंबकानं कॅसेट बिघडायची. माणूस बिघडल्याचं ऐकिवात नाही. पेसमेकरवाल्यांना डॉक्टर खरंच एक सांगतात. मोबाइल छातीजवळच्या खिशात ठेवू नका, निदान सहा इंच लांब राहू द्या. काकांनी हा मेसेज ज्या मोबाइलवर वाचला तो ते कुठं ठेवतात? शर्टाच्या डाव्या खिशात. मी विचारलं तर म्हणाले, “हार्टचं बघायला नको का बे?” आणि मोबाइल परत त्याच खिशात.

हे झालं हसण्यावारी नेण्यासारखं. ज्यानं माझं डोकं फिरलं तो मुद्दा पहिला आहे. ‘जगातलं प्रत्येक गाणं.’

त्या पोत्यात काय होतं ते सांगतो. काका सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. तिथं मागाच्या खडखडाटावर मात करायला टेप लागायचा तो फुल आवाजात, आणि लागायची ती मराठीइतकीच तेलुगू गाणी. म्हणून घरात कुणाला तेलुगू येत नसताना पंधरा-वीस तेलुगू कॅसेटी. अक्कलकोटकडच्या पाहुण्यांनी दिलेली कन्नड भजनं. शेजारच्यांनी भरून दिलेल्या कव्वाल्या. प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलाची गाणी तर होतीच, ती अ‍ॅपवर आहेत, मान्य. पण त्यांच्या शेजारी भीमगीतांच्या अशा कॅसेटी होत्या की गायकाचं नाव आज त्याच्या गल्लीबाहेर कुणाला माहीत नसेल. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत घेतलेल्या, पंढरपूरला आषाढीच्या गर्दीत घेतलेल्या, तुळजापूरच्या रस्त्यावर टपरीतून घेतलेल्या. आणि अकरा कॅसेटी घरी भरलेल्या, वाड्यातल्या भजनी मंडळाच्या, आजोबा पखवाजावर.

यातलं काय अ‍ॅपवर आहे ते मी खरोखर शोधत बसलो. भंगाराच्या गोदामातून परत मिळालेल्या कॅसेटींची नावं एकेक करून टाकली. नावाजलेल्या कंपन्यांची बहुतेक सापडली. छोट्या कंपन्यांच्या चोवीस कॅसेटींपैकी तीन. घरच्या भजनांचा प्रश्नच नाही.

असं का होतं ते समजून घ्यायला फार अक्कल लागत नाही. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. एका खोलीत चार-सहा डेक लावले की कॅसेटी काढता येत. रेकॉर्डच्या जमान्यात ज्याला स्टुडिओची पायरी चढायला मिळाली नसती तोही कॅसेट काढू लागला. शाहीर, भारूडकार, बॅन्जो पार्टी, कीर्तनकार, सगळे. जो जिल्हा शाहीर राम जोशींचा आणि बार्शीच्या अमर शेखांचा, तिथं गळ्यांना तोटा नव्हताच. पुढं त्या कंपन्या बुडाल्या, मालक गेले, मूळ टेप कुठल्यातरी माळ्यावर किंवा उकिरड्यावर. अ‍ॅपला गाणं लागतं ते हक्क असलेल्या कंपनीकडून नाहीतर वितरकाकडून. इथं हक्क कुणाचा हे सांगायलाच कुणी उरलं नाही, तर गाणं चढवणार कोण? म्हणजे कित्येकदा त्या गाण्याची जगात उरलेली प्रत काकांच्या कपाटातच असू शकते. नव्हे, असू शकत होती.

बरं, जे अ‍ॅपवर आहे ते तरी ‘कायमचं’ आहे का? इथं एकच उदाहरण पुरे, कारण ते थेट आमच्या घरातल्या आवडीचं आहे. स्पॉटिफाय भारतात आलं फेब्रुवारी २०१९ मध्ये. सारेगामाशी, म्हणजे जुन्या एचएमव्हीशी, त्यांचं जुळलं नाही. सारेगामा दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि एप्रिलमध्ये स्पॉटिफायनं तिची गाणी काढायचं कबूल केलं. करार व्हायला २०२० उजाडलं. एचएमव्ही म्हणजे काय हे ज्यांच्या घरी फोनो होता त्यांना सांगायला नको. लता, आशा, रफी, निम्मं भावगीत. तो सगळा खजिना वर्षभराहून जास्त काळ त्या अ‍ॅपवर नाही, आणि ऐकणाऱ्याचा त्यात काडीचा दोष नाही. मार्च २०२३ मध्ये पुन्हा तेच, या वेळी झी म्युझिकच्या हिंदी गाण्यांचं. दोन कंपन्यांचं भांडण, गाणी गायब आपल्या यादीतून. कधी तर अ‍ॅपच जातं. रेसो जानेवारी २०२४ मध्ये भारतातून गेलं, त्याच वर्षी एअरटेलनं विंक गुंडाळलं. आणि ‘सर्व्हरवर असतं ते सुरक्षित’ म्हणणाऱ्यांनी मायस्पेस या जुन्या सोशल साइटचं बघावं. २०१६ च्या आधीची, लोकांनी स्वतः चढवलेली पाच कोटींवर गाणी डेटा हलवताना उडाल्याचं त्यांनी २०१९ मध्ये कबूल केलं. काकांच्या कॅसेटीला निदान उंदीर लागले तर दिसले असते.

‘डाउनलोड केलं की मालकीचं’ हे तर धादांत खोटं. अ‍ॅपमधलं डाउनलोड म्हणजे कुलूपबंद फाइल, किल्ली कंपनीकडं. स्पॉटिफायवर तीस दिवसांत एकदा तरी इंटरनेटला जोडलं नाही तर उतरवलेली गाणी वाजायची थांबतात. पैसे भरणं थांबवलं तरी तेच. भाड्याच्या खोलीत कपाट ठेवलं म्हणून खोली आपली होते का? विकतचं खरं डाउनलोड वेगळं. अ‍ॅपलनं २००३ मध्ये आयट्यून्स स्टोअरवर ते सुरू केलं, आणि २०१९ मध्ये ‘आयट्यून्स बंद’ अशी हाकाटी झाली तरी ते दुकान आजही चालू आहे. बॅन्डकॅम्प नावाच्या वेबसाइटवर आजही लोक गाण्याच्या फाइली विकत घेतात. फार थोडे घेतात, हेही सांगून टाकतो. डाउनलोडला स्ट्रीमिंगनं, म्हणजे नेटवरून थेट ऐकण्यानं, खाल्लं, हा मेसेजमधला अर्धा खरा भाग, आणि तो मला नाइलाजानं मान्य करावा लागतो.

आता दुकानांचं. नव्या पेठेत काका ज्या दुकानातून कॅसेटी घ्यायचे ते अ‍ॅपनं बंद पाडलं असं मेसेज लिहिणाऱ्याला वाटतं. त्याला तारखा तरी माहीत आहेत का? मुंबईतलं काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस बंद झालं २०१६ च्या सुरुवातीला. जिओ आलं त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. स्पॉटिफाय त्यानंतर अडीच वर्षांनी. म्हणजे खुनाच्या वेळी आरोपी गावात धड पोचलाही नव्हता. आमच्या सोलापुरातलं ते दुकान तर त्याच्याही कितीतरी आधी मोबाइल रिपेअरिंगचं झालं होतं. मारलं ते दीडशे गाण्यांच्या एमपीथ्री सीडीनं, आणि उरलंसुरलं मेमरी कार्डानं. ‘दोन जीबी भरून देतो, तीस रुपये’ अशी पाटी आठवत नाही? पेटी भरून हिंदी, पेटी भरून मराठी, वर दोन पिक्चर फुकट. मीही भरून घेतलंय, आता साधुत्वाचा आव आणत नाही. पण खून आपण केला आणि अंगठा अ‍ॅपचा उमटवला, हे बरं नव्हे.

आणि ‘धंदा शून्यावर’? जगभरातल्या रेकॉर्ड कंपन्यांची आयएफपीआय ही संघटना दरवर्षी आकडे काढते. २०२४ चे आकडे बघा. एकूण कमाई २९.६ अब्ज डॉलर, त्यातली ६९ टक्के स्ट्रीमिंगची. म्हणजे स्ट्रीमिंग जिंकलंच आहे, त्यात वाद नाही. पण त्याच अहवालात सीडी-रेकॉर्डची कमाई सुमारे ४.८ अब्ज डॉलर आहे. आधीच्या वर्षापेक्षा थोडी कमी, पण हे शून्य कुठल्या शाळेतलं? त्यातही तव्यांची, म्हणजे विनाइल रेकॉर्डची, कमाई सलग अठराव्या वर्षी वाढली. अमेरिकेत २०२२ मध्ये ४.१ कोटी रेकॉर्ड खपल्या आणि ३.३ कोटी सीडी. रेकॉर्डनं सीडीला मागं टाकलं ते १९८७ नंतर पहिल्यांदाच. टॉवर रेकॉर्ड्स अमेरिकेत २००६ मध्ये बुडालं, टोकियोत मात्र त्याच नावाचं बहुमजली दुकान चालू आहे. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर एचएमव्ही नावाच्या दुकानानं २०२३ मध्ये पुन्हा दार उघडलं.

म्हणून उद्या पार्क चौकात रेकॉर्डचं दुकान निघेल असं मी म्हणत नाही. निघणार नाही. एका रेकॉर्डच्या पैशात इथं महिन्याचा गॅस येतो. पण लोकांना हातात धरायची, आपल्या मालकीची वस्तू हवी असते, हे कंपन्यांना मेसेजवाल्यापेक्षा चांगलं कळतं. एचएमव्हीचा सगळा माल ज्या सारेगामाच्या हातात आहे तिनंच २०१७ मध्ये पाच हजार गाणी आधीच भरलेला ‘कारवां’ काढला. इंटरनेट नको, अ‍ॅप नको, बटण फिरवा. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या आजी-आजोबांच्या उशाशी तो आहे.

गायकाला थेट पैसे मिळतात, हे एका वाक्यात संपवतो. बहुतेक ठिकाणी महिन्याची सगळी कमाई एका घागरीत जाते आणि ऐकण्याच्या हिश्श्यानं वाटली जाते, ती आधी कंपनीला नाहीतर वितरकाला, मग गायकाला. आणि २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षभरात हजार वेळाही न वाजलेल्या गाण्याला त्यातलं काहीच मिळत नाही. आपल्या भागातल्या भारूडकाराचा हिशेब तुम्हीच लावा.

मेसेजमध्ये नसलेली, पण खरी असलेली एक गोष्ट मीच सांगतो. कॅसेट अमर नाही. परत आणलेल्या कॅसेटींपैकी सातांवर पांढरी बुरशी होती, दोनांची पट्टी चिकटून बसलेली. सोलापूरचा उन्हाळा पत्र्याच्या माळ्यावर कशाला टिकू देतो? तेव्हा ‘जपून ठेवा’ एवढं म्हणून भागत नाही, ती उतरवून घ्यावी लागते. टेप डेकच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर लॅपटॉपच्या माइकच्या भोकात, ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर, आणि भरपूर वेळ. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात, घाई चालत नाही. मी डेकचा ताणलेला बेल्ट बदलून घेतला, हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. काका समोरच्या खुर्चीत बसतात. डेकपासून चांगले आठ फूट लांब, मेसेजचा धाक अजून गेलेला नाही.

गोदामवाल्यानं अठ्ठावन्न कॅसेटी परत दिल्या, दुप्पट भावानं. बाकीच्या पुढं गेल्या होत्या. भजनांच्या अकरांपैकी चार मिळाल्या. राहिलेल्या सातांच्या कागदावर निळ्या शाईनं ‘एकादशी’ आणि पुढं आकडा आहे, अक्षर आजोबांचं, तिरपं. जुन्या बाजारात कुठं दिसलीच तर लगेच टेपात घालून बघू नका. पट्टी सैल पडलेली असेल, आधी दातेरी चाकात पेन्सिल घालून हळूहळू ताणून घ्या.