टँकला येणारा वास आपलाच आहे

उन्हाळा आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पोहण्याचा विषय निघतोच. टिळक तलावाला बॅच मिळेल का, पंधरा दिवसांत येतं का, पोरगी काळवंडेल का. (काळवंडते ती उन्हाने, क्लोरीनने नव्हे. सकाळची पहिली बॅच घ्या.) आणि हमखास एक तक्रार: "त्या टँकला क्लोरीनचा फार वास येतो हो!" लगेच कुणीतरी समजूत घालतं, "बरंच आहे की, म्हणजे पाणी स्वच्छ असणार."

उलट आहे. योग्य प्रमाणात क्लोरीन असलेल्या स्वच्छ पाण्याला फारसा वास येत नाही. नाकात जातो तो क्लोरामाइनचा वास. आपल्या अंगचा घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की ही रसायनं तयार होतात. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, तोही बहुतेक यांचाच प्रताप. उघड्या टँकवर वारा ती उडवून नेतो, छताखालच्या टँकवर ती पाण्यावरच रेंगाळतात. शिवाय जे क्लोरीन यात खर्ची पडतं, ते जंतू मारायला उरत नाही.

उपाय फुकट आहे. उतरण्याआधी मिनिटभर शॉवरखाली नीट अंग भिजवून चोळायचं, बरीचशी घाण तिथेच जाते. पण टँकवर बघा. शॉवरखाली हात धरायचा, आचमन केल्यासारखे चार थेंब खांद्यावर उडवायचे आणि धप्पकन उडी! त्यात केस खराब होऊ नयेत म्हणून पोरांच्या डोक्यावर खोबरेल थापून आणणाऱ्या आया. ते तेल डोक्यावर राहत नाही हो, पाण्यावर येतं. साध्या पाण्याने केस भिजवून टोपी घाला, पुरे. आणि हिरव्या केसांची भीती आपण बाळगू नये. तो रंग पाण्यातल्या तांब्यामुळे येतो आणि दिसतो तो सोनेरी केसांवर.

पाण्यात लघवी केली की भोवती निळा रंग पसरतो, ही शुद्ध थाप. असं कुठलंही औषध टँकमध्ये टाकत नाहीत. पोरांना ही थाप मारायला माझी हरकत नाही, मोठ्यांनाही खरी वाटली तर फारच छान.

एका बाबतीत मात्र मी हटून बसते. पोराला जुलाब होत असतील तर फी बुडाली तरी चालेल, टँकवर आणू नका, आणि थांबल्यावरही काही दिवस जाऊ द्या. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी व्यवस्थित क्लोरीन असलेल्या पाण्यातही काही दिवस जिवंत राहतो. तिथे शॉवर आणि क्लोरीन दोन्ही हात टेकतात.

बॅच ठरवण्याआधी पाणी तपासताना एकदा उभे राहून बघा. परीक्षानळीत पाणी घेऊन थेंब टाकतात, ते पिवळं होतं आणि रंग पट्टीशी जुळवतात. पिवळा रंग एकूण क्लोरीन सांगतो, त्यातलं कामाचं किती हे नाही. त्यासाठी गुलाबी रंगाची डीपीडी चाचणी लागते. मोकळं, म्हणजे कामाचं, क्लोरीन साधारण 1 ते 3 पीपीएम (दहा लाख भागांत एक ते तीन भाग) आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा, 7.2 ते 7.8 असावा. आकडे विचारले की काही जण आपल्याकडे इन्कम टॅक्सवाले आल्यासारखं बघतात. बघू देत.

आकडे नाहीच मिळाले तर खोल बाजूच्या काठावर उभे राहा. तळाची जाळी स्पष्ट दिसत नसेल तर फी भरू नका. अशा पाण्यात कुणी खाली गेलं तर जीवरक्षकालाही दिसणार नाही.