चोर दवंडी पिटत नाही

पडद्यावरचा हॅकर कुठे शिरला की आधी दवंडी पिटतो. ऑफिसचे सगळे मॉनिटर एकदम काळे पडतात, लाल कवटी हसते, पासवर्डचं एकेक अक्षर टकटक जागेवर बसतं. खरी घुसखोरी म्हणजे लॉगमधली, कॉम्प्युटरच्या नोंदवहीतली, एक ओळ. तिचं चित्रीकरण काय करणार? पण त्यामुळे स्क्रीनवर काही आलं नाही म्हणजे काही झालंच नाही, हा समज पक्का बसलाय.

तासगाव-सांगलीच्या द्राक्ष-बेदाणा निर्यातीत तो महागात पडतो. माझ्या इथला, नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचा खरेदीदार म्हणतो, तुमच्याच मेलवरून नवं खातं आलं, पैसे पाठवले. तासगावहून उत्तर येतं, आमचा कॉम्प्युटर हॅक झालाच नाही. चूक कुणाची यावर वाद रंगतो, आणि पैसे अडवण्याचे पहिले तास हातचे जातात.

घडतं ते असं. बनावट लॉगिन पानावर पासवर्ड मिळाला की चोर मेलबॉक्समध्ये गुपचूप वाचत बसतो. मग आउटलुकमध्ये एक रूल, म्हणजे आपोआप चालणारी सूचना, टाकतो: खरेदीदाराचं 'इन्व्हॉइस' किंवा 'पेमेंट' शब्द असलेलं पत्र थेट 'आरएसएस फीड्स' फोल्डरमध्ये, तेही वाचलेलं दाखवून. ते फोल्डर कोण उघडतो? माल निघाला की जुन्याच इन्व्हॉइसवर फक्त खातं बदलून पाठवतो. खरेदीदाराने शंका विचारली तर उत्तरही तोच देतो.

2016 च्या फेब्रुवारीत बांगलादेश बँकेतून चोरांनी 8 कोटी 10 लाख डॉलर फिलिपिन्सला वळवले, तेव्हा व्यवहारांच्या नोंदी छापणारा प्रिंटरच बंद पाडला होता. कर्मचाऱ्यांना वाटलं, नेहमीचा बिघाड. 2014 मध्ये हॅक झालेल्या सोनी पिक्चर्स या सिनेमा कंपनीच्या स्क्रीनवर सांगाडा खरंच झळकला, पण त्याआधीच डेटा बाहेर गेला होता. रॅन्समवेअरची, म्हणजे खंडणीसाठी फाइल्स अडवणाऱ्या सॉफ्टवेअरची, चिठ्ठीही फाइल्स कुलूपबंद झाल्यावरच येते.

'परदेशात असं होत नाही' हे गावाकडचं म्हणणं खरं नाही. इथलेही लोक हीच दृश्यं बघतात आणि फसतात. ऑक्टोबर 2025 पासून युरो क्षेत्रातल्या बँका युरो पाठवण्याआधी नाव आणि खातं जुळवून दाखवतात. चोराने इथलंच खातं दिलं तर इशारा मिळतो. खातं हाँगकाँगचं असेल तर मिळत नाही. वैयक्तिक माहिती फुटल्यास युरोपात 72 तासांत कळवावं लागतं. भारतात सायबर घटना सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला 6 तासांत कळवण्याचा नियम 2022 चा आहे. म्हणजे कायदा आपलाच कडक. आपल्याला अडवते ती बाजारात पत जाण्याची भीती. ती मला समजते, पण गप्प राहण्याचा फायदा फक्त चोराला होतो.

शंका आली की नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, रूल तसाच राहतो. सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा, रूल आणि फॉरवर्डिंगचे पत्ते काढा, अनोळखी ॲपची परवानगी रद्द करा, मग दोन टप्प्यांची पडताळणी लावा. काढण्याआधी रूलचा स्क्रीनशॉट घ्या, तक्रारीत लागतो. पैसे गेले असतील तर खरेदीदाराने त्याच तासाला आपल्या बँकेला रिकॉल करायला, म्हणजे पैसे परत मागवायला सांगावं, आपण 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.

आणि हंगामाआधीच प्रत्येक प्रोफॉर्मावर, म्हणजे माल जाण्याआधीच्या कच्च्या बिलावर, छापा: आमचं खातं मेलवरून बदलत नाही, बदल कळला तर जुन्या नंबरवर फोन करा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे; तो चोराचा असतो.