केबल आमची, जोडणी तुमची

मंगल कार्यालय ठरवायला गेलं की भाडं ऐकून आपण मनातल्या मनात 'जमेल' म्हणतो आणि मग मॅनेजर वही उघडतो. वीज वेगळी. जनरेटर वेगळा. गाद्या-लोड वेगळे. होमाच्या विटा तुमच्या तुम्ही आणायच्या. मी लग्नांचं शूटिंग करतो, त्यामुळे माझं अर्धं आयुष्य अशा कार्यालयांत गेलंय. 2016 च्या ऑक्टोबरात जाहीर झालेल्या त्या लॅपटॉपचा सौदा मी तरी ओळखायला हवा होता.

नाव घेत नाही. ज्यांनी घेतला त्यांना कळेल, ज्यांनी नाही घेतला त्यांनी सुखात राहावं.

'व्यावसायिकांसाठी' असं खोक्यावरच लिहिलेलं. मी व्यावसायिकच. करंट अकाउंट आहे, वर्षातून चार गिऱ्हाईकं पैसे बुडवतात, आणखी काय पुरावा द्यायचा? जुना लॅपटॉप फोरके व्हिडिओ एडिट करताना धापा टाकायचा, म्हणून मला 32 जीबी मेमरी हवी होती. नव्यात जास्तीत जास्त 16. कारण असं की कमी वीज खाणारी जी मेमरी त्या प्रोसेसरला चालायची, ती 16 च्या वर जातच नव्हती. दुसऱ्या प्रकारची घालावी तर बॅटरी मोठी करा, आणि बॅटरी मोठी केली की लॅपटॉप जाड होणार. सगळं घोडं त्या जाडीपाशी अडलेलं. जुन्यापेक्षा अडीच मिलिमीटर बारीक आणि जवळपास 200 ग्रॅम हलका केला होता म्हणे. ही मागणी नेमकी कुणाची होती, याचा मी अजून शोध घेतोय. माझ्या धंद्यातला एकही माणूस 'लॅपटॉप जरा जाड वाटतो रे' म्हणालेला मला आठवत नाही. आम्ही खांद्यावर लाईटचे स्टँड वाहणारी माणसं.

तरी घेतला. दोन लाखांच्या घरात. घरी आणून उघडला आणि आधी बाजू तपासल्या, बैलाचे दात बघतात तशा. हेडफोनचं सोडलं तर चार भोकं, चारही एकसारखी, यूएसबी-सी. मेमरी कार्डाची खाच गेली. टीव्ही-प्रोजेक्टर जोडायचं एचडीएमआय गेलं. पेनड्राइव्ह जायचा ते चपटं चौकोनी तोंड गेलं, आणि चार्जरसुद्धा त्याच चारांपैकी एकात. वर एस्केपच्या बटणाच्या जागी काचेची चमकती पट्टी. एस्केप दाबलं की दाबलं हे फक्त श्रद्धेनं मानायचं. बाकीची बटणं जेमतेम अर्धा मिलिमीटर दबायची. टाइप करताना ओट्यावर बोटं आपटल्यासारखं वाटे.

मग डोंगलं आली, म्हणजे एका जातीचं तोंड दुसऱ्या जातीच्या भोकात बसवायचे जोड. कार्डासाठी एक, पेनड्राइव्हसाठी दोन, एचडीएमआयचं एक, आणि कार्यालयांतल्या म्हाताऱ्या प्रोजेक्टरसाठी व्हीजीएचं एक. व्हीजीए 1987 सालचं, पण आपल्याकडच्या कार्यालयांत त्याला अजून मरण नाही. हे सगळं सोनाराकडून मिळालेल्या मखमली बटव्यात ठेवलं. एका रात्री सहज तो बटवा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला. 265 ग्रॅम. बायको शेजारी रव्याच्या लाडवांसाठी साखर मोजत होती. काट्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे 200 ग्रॅम वाचवायला 265 ग्रॅम विकत घेतलेस?" मी पाऊण तास लॅपटॉपच्या पडद्याच्या रंगांवर बोललो.

आणि मग तो दिवस उजाडला. लग्न पावणेबाराचं. अकराला वधू-वरांच्या बालपणीच्या फोटोंची फिल्म दाखवायची होती. दोन्हीकडच्या आज्या पहिल्या रांगेत खुर्च्या धरून. बटवा घरी, वजनकाट्याशेजारी. लॅपटॉपात फिल्म, पेनड्राइव्हवर फिल्मची दुसरी प्रत, समोर प्रोजेक्टर, आणि या तिघांत एकाचं दुसऱ्याशी पटेना. मॅनेजरकडे गेलो. त्यानं शांतपणे कपाटातून दहा मीटरची केबल काढून दिली आणि म्हणाला, "केबल आमची, जोडणी तुमची." वहीत तसं लिहिलेलंही होतं.

"अहो फोटोग्राफर, सुरू करा की!" वधूमामा. मी एका हातात केबलचं तोंड आणि दुसऱ्या हातात दोन लाखांचं यंत्र घेऊन अंतरपाट धरल्यासारखा उभा.

वाचवलं केटररच्या हिशेबनिसानं. मुदपाकखान्यालगत टेबल टाकून तो ताटं मोजत होता. त्याच्या पुढ्यात विटेएवढा जाड, बटणांच्या फटीत हळद बसलेला लॅपटॉप. 'यू'चं बटण गायब. पण बाजूला काय नव्हतं! व्हीजीए, तीन यूएसबी, कार्डाची खाच, आणि नेटची वायर खुपसायचं चौकोनी भोकसुद्धा. "घ्या दादा, फक्त मठ्ठ्याचा हिशेब बंद करू नका," तो म्हणाला. अकरा वाजून दहा मिनिटांनी आज्यांनी पदर डोळ्यांना लावले. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात शेवटपर्यंत 'मठ्ठा फायनल' अशी पट्टी दिसत होती, पण तक्रार कुणी केली नाही.

त्यानंतर पर्याय शोधले. भाच्याचा गेमिंगचा लॅपटॉप महिनाभर वापरला. ताकद अफाट, बटणांखाली गणपती मंडळाची रोषणाई, चार्जर पाट्यावरच्या वरवंट्याएवढा. एडिटिंग सुरू केलं की पंखा असा घोंघावे की आई आतून विचारायची, "चटणी कशाची करतोयस?" मग एक सडपातळ विंडोजवाला. त्याच्या पडद्यावर अबोली शालू केशरी दिसे आणि हळद लागण्याआधीच नवरी पिवळी. अल्बम छापून आला तेव्हा वरमाईनं शालूचा रंग बदलल्याचा आरोप माझ्यावर ठेवला. त्या बाईंना रंगांचं व्यवस्थापन समजावून सांगायची हिंमत माझ्यात नाही.

जीव जडला तो जुन्या बाजारात मिळालेल्या थिंकपॅडवर. हे घराणं 1992 पासूनचं. त्याचा तो काळा चौकोनी आकार जपानी जेवणाच्या डब्यावरून सुचलेला, आणि बटणांच्या मधोमध कुंकवासारखी लाल टिकली. टाइप करायला बसलं की उठावंसं वाटू नये. गिऱ्हाइकांना बिलं आणि आठवणीची पत्रं मी त्याच्यावरच लिहितो. पण मला मिळालेल्याचा पडदा इतका फिका, की त्यावर वऱ्हाडातले सगळे आजारी वाटायचे.

2021 च्या ऑक्टोबरात माझ्या त्या दोन लाखांच्या चार भोकांवाल्याच्या घराण्यातलं नवं मॉडेल आलं. कार्डाची खाच परत. एचडीएमआय परत. चमकती पट्टी गेली, खरी बटणं आली. मेमरी 64 जीबीपर्यंत. लॅपटॉप जाड झाला, जडही झाला, आणि पाच वर्षांपूर्वी आपणच काढून टाकलेल्या वस्तू त्यांनी नव्या सोयी म्हणून मोठ्या थाटात सादर केल्या. मी पुन्हा कर्ज काढलं. काय करणार, लग्नसराईचे मुहूर्त तोंडावर होते.

घरी आणून खोकं फोडलं, खाचेवरून बोट फिरवलं, आणि नव्या कॅमेऱ्यातलं कार्ड आत घालायला गेलो. जाईना. कॅमेरेवाल्यांनी मधल्या काळात कार्डच बदललं होतं. नवं सीएफएक्सप्रेस जातीचं, जरा रुंद आणि चांगलं जाड.

बायकोनं काही न बोलता वजनकाटा पुसून माझ्यापुढे ठेवला.