गेरासिमला एकच रुग्ण होता

कथा-कादंबऱ्या वाचून डॉक्टर-नर्स अधिक सहृदय होतात, हे एका लेखात वाचलेलं म्हणणं मला अर्धंच पटलं. नुसतं वाचून कुणी मायाळू होत असतं तर काय हवं होतं! खरं काम होतं ते वाचलेल्यावर भांडताना.

टॉलस्टॉयची १८८६ सालची इव्हान इलिचच्या मृत्यूची दीर्घकथा घ्या. आजारी इव्हान डॉक्टरला विचारतो, दुखणं धोक्याचं आहे का? डॉक्टरच्या डोक्यात मात्र मूत्रपिंड की आतडं, एवढाच वाद. आम्ही काही सहकाऱ्यांनी (मी परिचारिका आहे) ती वाचली, तेव्हा आमच्यातले एक डॉक्टर कथेतल्या डॉक्टरची बाजू घेऊ लागले. निदानच पक्कं नाही, तर बिचारा सांगणार काय? मी गेरासिमला पुढे केलं. साधा नोकर, पण मालकाला बरं वाटतं म्हणून त्याचे पाय रात्र रात्र खांद्यावर घेऊन बसतो, आणि त्याच्याशी खोटं बोलत नाही. त्यावर आमची फिजिओथेरपिस्ट शांतपणे म्हणाली, "गेरासिमला एकच रुग्ण होता." मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात 'नॅरेटिव्ह मेडिसिन' (रुग्णाची गोष्ट नीट ऐकून-समजून उपचार करण्याची पद्धत) उभं करणाऱ्या रीटा शरॉन स्वतः फिजिशियन, शिवाय साहित्यात पीएच.डी. त्यांचाही भर बारकाईनं वाचण्यावर आणि ऐकण्यावर आहे.

फक्त हे एकत्र वाचणं-भांडणं अभ्यासक्रमात घालून त्यावर गुण देऊ नका. आणि कादंबऱ्याही नकोत. ड्यूटीनंतर दहा पानांची कथा झेपते.