खुलासा: सबस्टेशनला दोघींचाही विरोध नाही

"प्रभागातल्या दोन्ही महिला उमेदवार सबस्टेशनच्या विरोधात, निवडून आल्या तर लोडशेडिंग पक्कं" असा मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. सोबतची क्लिप मध्येच तोडलेली आहे. त्या सभेला मी हजर होतो, नंतर अख्खं रेकॉर्डिंगही ऐकलं. "बालवाडीच्या भिंतीला लागून सबस्टेशन नको" एवढं पहिल्या ताई बोलतात आणि क्लिप संपते. त्यांचं पुढचंच वाक्य होतं, "पाण्याच्या टाकीमागे मोकळी जागा आहे, तिथे लवकर करा." दुसऱ्या ताईंना जागा मान्यच आहे; ३३ केव्हीची (म्हणजे ३३ हजार व्होल्टची) लाइन खांबांवरून न नेता जमिनीखालून न्या, एवढंच त्यांचं म्हणणं.

मुळात ३३/११ केव्हीचं सबस्टेशन (३३ हजार व्होल्टची वीज ११ हजारांवर आणणारं) मंजूर करणं नगरसेवकाच्या हातात नसतं. २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन झाल्यापासून आपल्याकडे ते काम महावितरणचं. नगरपालिकेकडे येतो तो पालिकेच्या जागेचा आणि रस्ता खोदाईच्या परवानगीचा विषय. (त्यामुळे "सबस्टेशन मीच आणलं" म्हणणाऱ्यांचंही जरा जपूनच ऐका.)

पूर्ण रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकलंय. तोडलेली क्लिप कृपया पुढे पाठवू नका. पाठवली असेल तर तिथेच हा खुलासा टाका.